पायाचं वेगळं भाडं

माझा डावा पाय मोडत नव्हता, म्हणून माझं भाडं दोन शिटांचं होतं. हा नियम सरकारचा नव्हता, माझ्या सख्ख्या चुलत्याचा होता.

आमचं गाव धर्माबाद आणि उमरीच्या मधलं, फाट्यापासून जरा आत. वडील धर्माबादच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, मिरचीची पोती उचलायचे. संध्याकाळी घरी आले की अंगणातच सदरा काढायचे, तरी घरात सगळ्यांना शिंका सुटायच्या. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि नंतर रात्रभर हात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मिरचीचा हंगाम सरला की वडिलांच्या हाताला काम नसायचं. मग आम्ही कसं खायचो ते सांगत बसत नाही. ज्यांनी तसं खाल्लंय त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

आमच्या दोन पत्र्याच्या खोल्या आणि समोर, त्याच अंगणात, वडिलांच्या मोठ्या भावाचं पक्कं घर. त्यांना मी मोठे बाबा म्हणायचे. त्यांची काळी-पिवळी जीप होती, उमरी-धर्माबाद चालायची. अंगणात गाडी उभी असली की गावातल्या लोकांना वाटायचं, या घराचं बरं चाललंय. बरं चाललं होतं ते अर्ध्या अंगणाचं.

मी लहान असताना ताप आला आणि गेला. जाताना पाय घेऊन गेला. पुढं शिबिरात फुकट कॅलिपर मिळाला, सरळ सळयांचा, गुडघ्यात न मोडणारा. त्याच्यावर मी उभी राहू लागले, चालू लागले. पण बसले की पाय समोर काठीसारखा आडवा. जीपमध्ये तो समोरच्या बाकापर्यंत जायचा. उमरीच्या शाळेत मी जायला लागले तेव्हा मोठ्या बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पायाचं वेगळं भाडं. धंदा हाय हा, पाहुणचार न्हाई."

माझी आई त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा आणि काही सांगायचं झालं तर दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं. त्या दिवशी ती पदराच्या आतून मला म्हणाली, "सांग तुझ्या मोठ्या बाबाला, पाय काय बकरू हाय का, वेगळं तिकीट काढाया?"

मी सांगितलं. सगळी जीप हसली. मोठे बाबाही हसले. हसत हसत त्यांनी दोन शिटांचे पैसे घेतले.

आई लातूरकडची. तिच्या माहेरच्या गावात उन्हाळ्यात टँकर यायचा आणि बायका घागरी घेऊन त्याच्यामागं पळायच्या. लग्न होऊन इकडं आल्यावर तिनं ऐकलं की सहस्रकुंडाला पैनगंगा खडकावरून खाली पडते. पावसाळ्यात इतकं पाणी, की समोरचा माणूस बोललेला ऐकू येत नाही. आईचा विश्वास बसेना. "इतकं पाणी, अन् कुणी भरून घेत न्हाई?" असं ती ज्याला त्याला विचारायची. तिनं आयुष्यात बघायला मागितलेली ती एकच गोष्ट. सोनं नाही, लुगडं नाही.

श्रावणात मोठ्या बाबांची जीप दर साली सहस्रकुंडाला जायची. भाडं नाही, घरची सहल. एका साली आमचंही ठरलं. आईनं पहाटे उठून दशम्या केल्या, तिळाची चटणी वाटली, माझ्या केसांना तेल लावलं. वडिलांनी मला उचलून जीपमध्ये ठेवलं. मोठ्या बाबांनी माणसं मोजली, माझ्या पायाकडं बघितलं आणि म्हणाले, "हिच्या पायात दोन लेकरं बसत्यात. उतरवा हिला. घर राखाया कुणीतरी पाहिजेच की."

मला उतरवलं. उतरवलं वडिलांनीच.

माझ्यामागून आई उतरली. पदर पुढं ओढून, पण अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी, ती मला म्हणाली, "सांग तुझ्या मोठ्या बाबाला, ज्या गाडीत माझ्या लेकीचा पाय बसत न्हाई, त्या गाडीत मी बसत न्हाई."

वडील गेले. मोठ्या भावाला नाही म्हणायची त्यांच्या तोंडाला सवय नव्हती. आम्ही दोघींनी उंबऱ्यात बसून दशम्या खाल्ल्या. संध्याकाळी जीप आली ती ओले कपडे आणि हसणं घेऊन. माझा चुलतभाऊ, मोठ्या बाबांचा मुलगा, हात पसरून पाणी कसं पडतं ते दाखवत होता. आई भाकरी थापत होती. तिनं वळून बघितलं नाही, पण हात थांबला होता.

मी तेव्हाच मनाशी गाठ बांधली. आईला मी ते पाणी दाखवणार. माझ्या गाडीतून दाखवणार. आणि ती गाडी ह्या माणसाच्या डोळ्यांदेखत ह्याच अंगणातून निघणार. तेव्हा माझ्याकडं साधी सायकल नव्हती आणि असती तरी चालवता आली नसती. राग मात्र होता, आणि तो मी मिठाच्या बरणीसारखा कोरडा सांभाळला.

नांदेडला अपंगांच्या सर्टिफिकेटचं शिबिर लागलं तेव्हा गावातल्या कुणीतरी वडिलांना सांगितलं, पोरीला घेऊन जा. वडील आधी भावाला विचारायला गेले. मोठे बाबा म्हणाले, "येडा हाय का तू? सरकारी शिक्का लागला की जन्माची लंगडी ठरली पोरगी. उद्या कोण करून घेईल तिला?" वडिलांना पटलं. आईला नाही पटलं, पण तिचं बोलणं माझ्या तोंडून जायचं, आणि माझ्या तोंडाला त्या वयात कोण विचारतंय?

बारावी झाले आणि लातूरला बी.कॉम.ला गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि चढले तीही कठड्याला धरून. फीच्या सवलतीसाठी कॉलेजात सर्टिफिकेट मागितलं. मी आईला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. चकरा पडल्या, पण शिक्का मिळाला. जन्माची लंगडी ठरायला मला स्वतःला जाऊन रांगेत उभं राहावं लागलं. नंतर त्याच्यावर एसटीच्या सवलतीचं कार्ड निघालं.

ते कार्ड घेऊन पहिल्यांदा एसटीत बसलो. कंडक्टरनं माझं तिकीट पाव केलं आणि सोबतची म्हणून आईचं अर्धं. मला वाटलं चुकला असेल. मी म्हटलं, "मास्तर, दोघींचं आहे."

"दोघींचंच दिलंय बाई," तो म्हणाला.

आई खिडकीकडं तोंड करून बसली. तशीच बाहेर बघत म्हणाली, "म्हंजे यष्टीत तुझं पाव शीट. अन् त्यांच्या जीपात दोन."

गावी आल्यावर मी मोठ्या बाबांना अंगणात गाठलं. विचारलं, "मोठे बाबा, एसटीत अपंगांना सवलत असते, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी लपवलंही नाही. तंबाखू मळत म्हणाले, "म्हाईत होतं की. फाट्यावर धंदा करून राहिलो आम्ही, यष्टीची सगळी बित्तंबातमी ठेवावी लागती. पण यष्टी काय येळंवर येती का? तुझीच सोय बघितली मी."

आमच्यात परगावाहून आलं की थोरांच्या पाया पडायची रीत आहे. त्या दिवसापासून मी त्यांच्या पाया पडले नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, वाकता येत नाही, पाय मोडत नाही ना.

पदवी झाली, परीक्षा दिल्या, नांदेडला सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागले. पहिलं काम केलं ते वडिलांच्या पाठीवरचं पोतं उतरवलं. दोघांना नांदेडला घेऊन आले. सुट्टीच्या दिवशी मी आणि आई एसटीनं फिरायचो. घरून भाकरी बांधून न्यायची, तिकीट सवलतीचं, खर्च काय तो चहाचा. कंधारचा किल्ला बघितला, आईच्या माहेरचा रस्ता बघितला. पण सहस्रकुंडाला एसटीनं न्यायचं मी टाळत होते. आईचे गुडघे धरायला लागले होते, माझा पाय तसा, आणि पुढची पायपीट. शिवाय एसटी त्या अंगणातून जात नाही.

बिनगिअरच्या गाडीला डाव्या पायाचं काम नसतं, हे मला कचेरीतल्या पार्किंगमध्ये कळलं. मग कुठं काय सवलत मिळते ते मी शोधून काढलं. पायानं अपंग असलेल्या माणसानं स्वतःच्या नावावर लहान गाडी घेतली तर दिल्लीहून दाखला मिळतो आणि करात सूट मिळते. आरटीओत रस्त्याचा कर माफ होतो. अट एवढीच की गाडी त्याच माणसाच्या नावावर पाहिजे आणि पाच वर्षं विकायची नाही. आता लहान गाड्यांवरचा कर सगळ्यांनाच कमी झालाय. तेव्हा झालेला नव्हता, आणि फरक चांगला मोठा होता. मी पैसे साठवायला लागले. घरात बोलले नाही.

पण तीच बातमी चुलतभावाला कुठल्याशा शोरूममध्ये लागली. त्याला घरच्यासाठी नवी गाडी घ्यायची होती. एका रविवारी मोठे बाबा आणि तो आमच्या नांदेडच्या घरी आले. पेढे आणले होते. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"तिचं ते सर्टिफिकेट हाय ना," मोठे बाबा वडिलांना म्हणाले, "मोठ्या कामाची चीज हाय म्हणं ती."

ज्या शिक्क्यानं मी जन्माची लंगडी ठरणार होते, तो आता चीज झाला होता.

"नाव पोरीचं राहू दे कागदावर. गाडी आपल्या घरचीच की. नावानं काय गाडी चालती का? पैसे आम्ही भरू."

वडील म्हणाले, "बरं दादा." मोठ्या बाबांनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली, वडिलांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. सोयरिक जुळल्यासारखा आहेर. बोलणी पक्की.

मी चहा घेऊन गेले. सगळ्यांनी चहा घेतला. मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आमच्यात अशीच पद्धत. पोरीची गोष्ट पोरीच्या बापाशी बोलायची. वावर असो, लग्न असो, की तिचा स्वतःचा पाय. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कप उचलले आणि आत गेले.

दाखल्याचा अर्ज माझा मीच केला. पण मध्ये दवाखान्यात पुन्हा तपासणीला जायचं होतं, लायसन्ससाठी आरटीओत जायचं होतं. चुलतभाऊ प्रत्येक वेळी जीप घेऊन दारात हजर. "ताई, तू रिक्षा-बिक्षा करू नको." जन्मात पहिल्यांदा ताई झाले. मला पुढच्या शिटावर बसवायचा. पाय सरळ राहावा म्हणून शीट मागं, आणखी मागं सरकवायचा. मागं बसलेल्या मोठ्या बाबांचे गुडघे हनुवटीला लागायचे.

मी विचारायचे, "मोठे बाबा, अडचण तर होईना ना?"

"न्हाई न्हाई बाई, ऐसपैस हाय."

तोपर्यंत माझा पगार असा होता की गुडघ्यात मोडणारा चांगला कॅलिपर मी सहज घेतला असता. मुद्दाम घेतला नाही. तो पाय सरळ ठेवूनच मला त्या शिटावर बसायचं होतं.

आई काही त्या जीपमध्ये बसली नाही. "तू हो पुढं. मी यष्टीनं येते," म्हणायची, आणि आरटीओच्या फाटकात आमच्यामागून घामाघूम होऊन पोचायची. मोठे बाबा म्हणायचे, "मागं जागा हाय की, तिला म्हणावं बस." आई मला म्हणायची, "सांग तुझ्या मोठ्या बाबाला, माझं तिकीट काढून झालंय."

एकदा येताना मी म्हटलं, गाडी निघालीच आहे तर कंधारवरून जाऊ. वाट सगळी उलटी होती. गेलो. भर उन्हात मोठे बाबा माझी पाण्याची बाटली धरून किल्ल्याच्या दरवाज्यात उभे होते आणि मी सावकाश, अगदी सावकाश, आतल्या भिंती बघत होते. बघितलेल्याच होत्या. पुन्हा बघितल्या.

हे वाचून कुणी म्हणेल, फसवलंस. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. त्यांनी एकदा जरी मला विचारलं असतं, "तुझ्या मनात काय हाय?" तर मी तिथल्या तिथं सांगितलं असतं. मी वाट बघत होते. त्यांना ते सुचलंच नाही.

दाखला आला. मोठे बाबा आणि चुलतभाऊ पुन्हा आले, आता घाईत. भावानं रंगसुद्धा ठरवला होता. मी आतून बाहेर आले आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, पाय त्यांच्याकडं करून.

"मोठे बाबा, टॉवेल-टोपी तुम्ही कुणाला दिली होती?"

"कुणाला म्हंजे? तुझ्या बापाला."

"मग गाडीही बापाच्या नावानं घ्या. पण त्यांचे दोन्ही पाय मोडतात. सूट मिळायची नाही."

चुलतभाऊ म्हणाला, "ताई, मस्करी करून राहिली का तू?"

"नाही. दाखला माझा आहे, गाडी मी घेणार आहे. बँकेचं कर्ज माझ्या पगारावर मंजूर झालंय."

मोठे बाबा लाल झाले. "किती चकरा मारल्या आम्ही! तेल जाळलं! घरचं माणूस म्हणून केलं हे सगळं."

हे वाक्य ते कधीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते. "घरचं माणूस मी जीपमध्येही होते, मोठे बाबा. धंदा हाय हा. पाहुणचार न्हाई."

ते वडिलांकडं वळले. "अरे, तू बोल की! तुझ्या शब्दावर केलं मी."

वडील उठले. मला वाटलं, झालं, आता बरं दादा म्हणणार. ते आत गेले, ट्रंकेतून टॉवेल-टोपी घेऊन आले. घडी मोडलेली नव्हती. त्यांनी ती भावाच्या शेजारी खाटेवर ठेवली आणि खाली बघत म्हणाले, "पोरीचं पोरीला इचारायला पाहिजे होतं दादा. आपुन दोघंबी चुकलो."

आयुष्यात भावापुढं बोललेलं त्यांचं एवढंच. मला तेवढं पुरलं. मोठ्या बाबांनी चहाला हात लावला नाही, पेढ्यांचा पुडा मात्र उचलून नेला.

गाडी घेतली. लहान, पांढरी, बिनगिअरची. करातल्या सवलतीत वाचलेल्या पैशातून पहिला विमा भरला आणि चांगला कॅलिपर करून घेतला, कळ दाबली की गुडघ्यात मोडणारा. आता पाय सरळ ठेवायचं कारण संपलं होतं. चुलतभावानं हट्टानं पुऱ्या किमतीची गाडी घेतली, आणि ती घेतल्यावर थोड्याच दिवसांत लहान गाड्यांवरचा कर सगळ्यांसाठी खाली आला. ही बातमी मी दोनदा वाचली. मला वाईट वाटलं नाही.

श्रावण आला. आईनं दशम्या केल्या, तिळाची चटणी वाटली. नांदेडहून सहस्रकुंडाला सरळ रस्ता आहे. मी सरळ गेले नाही. वाकडी वाट करून, उमरीवरून, गावात गेले आणि गाडी त्या अंगणात नेऊन उभी केली. दाखवायलाच नेली. हॉर्नही वाजवला.

मोठे बाबा ओट्यावर बसले होते. थकले होते. जीप विकली होती आणि मुलाची गाडी मुलाच्या बायकामुलांना घेऊन बाहेर गेलेली. ते काठी टेकत गाडीपाशी आले, आत डोकावले. पुढं आई, मागं एकटे वडील.

"पाणी बघाया निघालाव का?" ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "मागं जागा हाय की एका माणसाची. मलाबी लई दिस झाले जाऊन."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं उत्तर तयार होतं, किती वर्षांपासून घोटून घोटून ठेवलेलं. पण ते द्यायची वेळ आली नाही. आईनं काच खाली केली. पदर डोक्यावर होता, पुढं ओढलेला नव्हता. ती माझ्याकडं वळली नाही. सांग म्हणाली नाही. सरळ त्यांच्या तोंडाकडं बघून बोलली.

"भावजी, घर राखाया कुणीतरी पाहिजे की."

मोठे बाबा काठी टेकत एक पाऊल मागं सरले. त्यांना ते वाक्य आठवलं की नाही, कुणास ठाऊक. ते वाक्य बोलले होते ते, ऐकलं होतं आम्ही. लक्षात आमच्याच राहणार. आईनं काच वर केली आणि मला म्हणाली, "चल बाई, ऊन चढायलं."

आरशात ते लहान लहान होत गेले. फाटा आला. मग मागून वडील म्हणाले, "एक दशमी द्या बरं इकडं," आणि आई हसायला लागली.

लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला न्यायला पाहिजे होतं, मन मोठं करायला पाहिजे होतं. मन मोठं आहे माझं. त्यात पाणी बघायला निघालेली आई बसते, पोतं उतरवून ठेवलेला बाप बसतो. मोठ्या बाबांना त्यात जागा नाही, आणि मी ती करणार नाही.

सहस्रकुंडाला नदी भरून चालली होती. गढूळ, लाल पाणी खडकावरून खाली कोसळत होतं आणि त्याचे तुषार कठड्यापर्यंत येत होते. आईनं कठडा धरला. तिचा चेहरा ओला झाला, पदर ओला झाला, तिनं पुसला नाही. मोठ्या आवाजात काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला.

"म्हनलं, इतकं पाणी हाय. अन् मोजाया कुणी न्हाई."

वडील शेजारी उभे होते. ती दर साली ज्या पाण्याची गोष्ट ऐकायची, ते त्यांनी तिच्या आधी बघितलं होतं. त्यांनी तिची पिशवी हातात घेतली. आम्ही ऊन कलेपर्यंत तिथं होतो. परत येताना मी सरळ रस्त्यानं आले.

गाडी माझ्या नावावर आहे, मी ती स्वतः चालवते, आणि माझ्या आईनं सहस्रकुंड बघितलं.